गाडी तीच, लोखंड वेगळे

लंडनच्या उच्च न्यायालयात जुलै 1990 मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे आलेला वाद वरवर पाहता साध्या खरेदीविक्रीचा होता. विक्रेत्याने एक जुनी बेन्टली शर्यतगाडी 1 कोटी पौंडांना विकायचा करार केला होता. घेणाऱ्या कंपनीने ऐनवेळी अंग काढून घेतले आणि कारण दिले की, जी गाडी म्हणून हा सौदा झाला ती ही गाडीच नव्हे. ‘हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात पैशांचा प्रश्न त्यामुळे मागे पडला आणि न्यायालयाला भलत्याच प्रश्नात शिरावे लागले: 60 वर्षांत जवळजवळ सगळे भाग बदललेले यंत्र तेच यंत्र म्हणायचे का, आणि म्हणायचे तर कशाच्या आधारावर?

गाडीचे नाव ‘ओल्ड नंबर वन’, नोंदणी क्रमांक एमटी 3464. बेन्टलीच्या साडेसहा लिटरच्या ‘स्पीड सिक्स’ जातीची ही गाडी. 1929 साली फ्रान्समधल्या ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत वुल्फ बार्नाटो आणि सर हेन्री ‘टिम’ बर्किन यांनी ती पहिली आणली. त्या वर्षी पहिले चारही क्रमांक बेन्टलीचेच होते. पुढच्या वर्षी बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी ती पुन्हा जिंकवली. एकाच गाडीने ल माँ दोनदा जिंकण्याची ही पहिली वेळ. दुसऱ्यांदा हे घडायला 1969 उजाडावे लागले, तेव्हा 1075 क्रमांकाच्या चासीची फोर्ड जीटी 40 लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकली. बार्नाटो नुसता चालक नव्हता, किंबर्लीच्या हिऱ्यांवर उभ्या राहिलेल्या संपत्तीचा वारस आणि बेन्टली कंपनीचा पोशिंदाही होता. 1931 मध्ये कंपनी बुडून रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली, तरी ही गाडी पळत राहिली. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या 500 मैलांच्या शर्यतीत जॅक डन्फी आणि सिरिल पॉल यांनी तिला ताशी 118.39 मैल सरासरीने विजयी केले. 1932 मध्ये तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसले, आणि त्याच शर्यतीत जॅकचा भाऊ क्लाइव्ह डन्फी कडेला चढत जाणाऱ्या काँक्रीटच्या मार्गावरून गाडीसह वरच्या बाजूने बाहेर फेकला जाऊन मरण पावला. गाडी सावरून तिला बंदिस्त कूपेची बॉडी चढवण्यात आली. पुढे पुष्कळ वर्षांनी तिला पुन्हा ल माँचे उघडे रूप देण्यात आले. विकली जात होती ती ही.

न्यायालयात तज्ज्ञांनी गाडीची अक्षरशः मोजदाद केली, आणि त्यातून निघालेली यादी आजही वाचण्याजोगी आहे. 1929 च्या विजेत्या गाडीचे, ज्यांचा काळ ठरवताच येत नाही अशा किरकोळ जोडसामानापलीकडे, काहीही उरले नव्हते. 1930 च्या गाडीचा पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेच उरले होते. चासी आणि तिचे आडवे पट्टे, पाटे आणि त्यांच्या कड्या, पुढचा अॅक्सल, मागचे ब्रेक हे सारे 1931 चे. इंजिन आणि मोठा रेडिएटर 1932 चे. म्हणजे ज्या दोन विजयांमुळे हिची किंमत कोटीत गेली, त्यांतल्या पहिल्या विजयाच्या वेळी फ्रान्सच्या रस्त्यावर असलेले धातूचे एकही ओळखता येणारे मोठे अंग हिच्यात नव्हते. तरीही ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. ही गाडी मूळ अवस्थेतली नाही, पण ‘ओल्ड नंबर वन’ या नावावर दुसऱ्या कोणत्याही गाडीचा दावा टिकत नाही आणि हिचा टिकतो, असे त्यांचे म्हणणे. घेणाऱ्याला करार पाळावा लागला.

अनेकांना हा निकाल तेव्हाही पचला नाही, आजही पचत नाही. माझ्या मते तो बरोबर आहे, आणि केवळ या एका गाडीपुरता नव्हे. जुन्या शर्यतगाडीची ओळख पटवताना आपण सवयीने लोखंड मोजतो. मोजायला हवी ती साखळी: गाडी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, प्रत्येक बदल कधी आणि कोणत्या कार्यशाळेत झाला, आणि त्या बदलाच्या क्षणी जुन्यातले काय तिच्यात टिकून होते. शर्यतगाडी ही दाखवायची वस्तू म्हणून जन्माला येत नाही. तिचे इंजिन दर काही शर्यतींनी उघडले जाते, बॉडी ठोकरली की नवी येते, नवी युक्ती सापडली की जुना अॅक्सल भंगारात जातो. जिचा एकही भाग बदलला नाही ती बहुधा अशी गाडी असते जिने फारशी शर्यत केलीच नाही. सुटे भाग मोजून ओळख ठरवायची म्हटली तर जितकी गाडी कर्तबगार, तितकी ती ‘खोटी’ ठरेल, हा उलटाच न्याय झाला.

हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच विचारून झालेला आहे आणि तोही वाहनावरूनच. ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात नागसेन भिक्षू रथातून आलेल्या राजाला विचारतो की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी मान्य करतो की या सगळ्यांच्या जुळणीला लोकांनी दिलेले ते नाव आहे. इथपर्यंतचा युक्तिवाद गाडी घेणाऱ्या मिडलब्रिजच्या वकिलांनाही चालला असता. नाव फक्त नाव असेल तर त्याला कोटी कशाला मोजायचे? पण त्याच ग्रंथात दिव्याचा दृष्टान्त आहे. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नव्हे, आणि वेगळीही नव्हे. एकीच्या आधाराने दुसरी पेटलेली असते. ऑटन यांचे तर्कशास्त्र याच्या फार जवळचे आहे. नागसेनाला मात्र एक सोय होती: त्या दिव्यावर कोणी बोली लावत नव्हते.

बोली लागली की पहिला आक्षेप येतो तो असा: मग नोंदणीची पाटी आणि जुने कागद विकत घ्यावेत, नव्या गाडीवर ठोकावेत आणि साखळी पूर्ण झाली म्हणावे. हा धोका खरा आहे, कारण शर्यतीच्या जगात पाट्या फार हलत आल्या आहेत. युरोपात देशोदेशी गाड्या नेताना सीमेवर जकातीच्या कागदांवर चासीचा आणि इंजिनाचा नंबर लिहिलेला असे. ज्या गाडीचे कागद तयार होते तिची पाटी दुसरीवर लावून संघ निघून जात. त्यांना शर्यत गाठायची होती, पुढच्या अभ्यासकांची त्यांना चिंता नव्हती. पंच केलेला नंबर हा म्हणून पुराव्याची सुरुवात असतो, शेवट नाही. पण या आक्षेपाचे उत्तर साखळीच्या व्याख्येतच आहे. पाटी नव्या गाडीवर ठोकली जाते त्या क्षणी जुन्या गाडीतले काहीच पुढे येत नाही. ओल्ड नंबर वनमध्ये तसे झालेले नाही. 1932 मध्ये इंजिन बदलले तेव्हा चासी 1931 ची होती. 1931 मध्ये चासी बदलली तेव्हा 1930 चे गिअरबॉक्सचे कवच आणि पेडलचा दांडा नव्या सांगाड्यावर आला; आजही ते तिथे आहेत, म्हणजे आलेच असले पाहिजेत. सगळ्यांत कच्चा दुवा 1929 ते 1930 हा आहे, हे मान्य करायला हवे. तिथे लोखंडाची साक्ष जवळपास संपते आणि आपण दुसऱ्या साक्षीवर विसंबतो: तोच संघ, तीच कार्यशाळा, तोच मालक, आणि वर्षभरात हजारो डोळ्यांसमोर पळालेली एकच गाडी.

अशी साक्ष कागदातून निघते, आणि बेन्टलीच्या बाबतीत कागद नशिबाने चांगले आहेत. कंपनी चासीला पाच वर्षांची हमी देत असे, त्यामुळे दुरुस्ती विभागाला प्रत्येक चासीची काय दुरुस्ती झाली, काय बदलले याच्या नोंदी ठेवाव्या लागत. हमीसाठी लिहिलेल्या त्या वह्या आज वंशावळीचे काम करतात. त्यांच्या जोडीला छायाचित्रे येतात. शर्यतीच्या दिवशीचे छायाचित्र घेऊन बॉनेटवरच्या झडपांच्या फटी, रिव्हेटच्या रांगा, पेट्रोलच्या टाकीचे पट्टे एकेक करून जुळवायचे असतात, कारण हाताने केलेल्या पत्र्यात दोन गाड्या तंतोतंत सारख्या कधीच नसतात. पुराव्याच्या उतरंडीत मी छायाचित्राला दुरुस्तीच्या नोंदीच्या खाली आणि मालकाच्या आठवणीच्या पुष्कळ वर ठेवीन.

आठवण किती फसवते याचे उदाहरण याच बार्नाटोच्या दारात उभे आहे. मार्च 1930 मध्ये त्याने पैज मारली की कानहून निघालेली ब्लू ट्रेन कॅलेला पोहोचण्याआधी आपण स्पीड सिक्समधून लंडनच्या क्लबात असू, आणि ती चार मिनिटे राखून जिंकली. पुढे अनेक दशके सगळ्यांनी मानले की ती गाडी म्हणजे गर्नी नटिंगने बांधलेली, उतरत्या छताची देखणी कूपे. टेरेन्स कुनिओने आगगाडीशी स्पर्धा करणारी तीच कूपे रंगवली आणि चित्राने समज पक्का केला. पण कूपे तयार झाली मे 1930 मध्ये, पैजेनंतर. धावली होती एच. जे. मलिनरची साधी, चौकोनी सलून. मालक एक, जात एक, वर्ष एक, म्हणून गोष्ट अलगद सुंदर गाडीकडे सरकली. एक तारीख तपासली असती तर सरकली नसती. दिसायला सुंदर असणे हा कोणत्याही गाडीचा पुरावा नव्हे, हे लिलावाच्या गुळगुळीत पुस्तिका चाळताना विसरायला होते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: साखळीला दोन फाटे फुटले तर? जॅग्वार डी-टाइपच्या रचनेतच ही शक्यता आहे. तिचा मधला भाग पत्र्याचे एकसंध कवच, आणि इंजिन पेलणारा पुढचा सांगाडा वेगळा. 1954 च्या गाड्यांत तो कवचाला वेल्ड केलेला होता, 1955 पासून तो पोलादी नळ्यांचा आणि बोल्टने जोडलेला झाला. दुरुस्ती सोपी झाली, आणि इतिहासकाराचे काम कठीण. पुढून ठोकरलेल्या गाडीला नवा सांगाडा लावला, काढलेला वाकडा सांगाडा कोपऱ्यात पडला. वीस वर्षांनी कोणी तो सरळ करून त्याभोवती दुसरी गाडी उभी केली, आणि नंबर तर सांगाड्यावरच होता. आता दोन्ही मालक खरे बोलत आहेत आणि गाडी एकच होती. इथे लोखंड मोजणारा हतबल होतो, कारण दोघांकडेही अस्सल लोखंड आहे. साखळी मोजणारा मात्र विचारू शकतो की मधल्या काळात गाडी म्हणून कोण जगत होते. जी पळत होती, जिची नोंद होती, जिचे हस्तांतर होत होते, ती गाडी. कोपऱ्यात पडला होता तो गाडीचा भाग होता, आणि त्याच्याभोवती पुढे जे उभे राहिले ते नवे बांधकाम, भाग कितीही जुना असो. दुसऱ्या मालकाला हे कडू लागेल. त्यावर समंजस तोडगा म्हणजे दोन्ही घेऊन पुन्हा एक करणे. तो खर्चिक आहे, पण वाद कायमचा मिटवतो. ऑटन यांनी प्रतिस्पर्धी नसण्यावर एवढा भर का दिला ते इथे कळते. ओल्ड नंबर वनचा टाकून दिलेला सांगाडा घेऊन कोणी न्यायालयात उभा राहिला असता, तर खटला याहून कितीतरी गुंतागुंतीचा झाला असता.

तिसरा आक्षेप कारखानेच उभा करतात. 12 फेब्रुवारी 1957 च्या रात्री जॅग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली, आणि डी-टाइपवरून बेतलेल्या रस्त्यावरच्या एक्सकेएसएस गाड्या सोळाच पुऱ्या झाल्या. 2016 मध्ये जॅग्वारने उरलेल्या नऊ बांधायचे जाहीर केले. बेन्टलीने 2019 मध्ये बर्किनच्या संघातली ‘ब्लोअर’ सुटी करून, तिचे लेझरने मोजमाप घेऊन बारा नव्या गाड्या करायला घेतल्या, आणि 2022 मध्ये बारा स्पीड सिक्सही जाहीर केल्या. आराखडे तेच, कारखान्याचे नाव तेच. धातू बहुधा मूळच्यापेक्षा सरस. यांना मी नकली म्हणणार नाही, कारण कोणी फसवत नाही. पण 1930 शी यांचा संबंध नकाशाचा आहे, वंशाचा नाही. 1955 च्या मर्सिडीज 300 एसएलआरची ‘उलेनहाउट कूपे’ 2022 मध्ये साडेतेरा कोटी युरोंना गेली, तेव्हा विकला गेला तो मुख्यतः कारखान्याबाहेर कधीच न गेलेल्या मालकीचा इतिहास. तिच्या साखळीला एकच कडी होती. तशीच दुसरी गाडी हुबेहूब बांधता आली असती, ती त्या किमतीच्या आसपासही गेली नसती.

शेवटचा आक्षेप शब्दांच्या बाजूने येतो, आणि तो मला सर्वांत मान्य आहे. साखळी अखंड असली तरी ‘1929 ची ल माँ विजेती’ असे लिहून गाडी विकणे हे अर्धसत्य आहे. डेनिस जेन्किन्सन या मोटर पत्रकाराने 1987 च्या आपल्या ऐतिहासिक शर्यतगाड्यांच्या निर्देशिकेत गाड्यांच्या पायऱ्याच पाडल्या: जशीच्या तशी राहिलेली, अखंड जीवन जगलेली, खाचखळग्यांतून गेली तरी नजरेआड न झालेली, अवशेषांतून पुन्हा उभी केलेली, आणि सरळ नव्याने बांधलेली. तिसऱ्या पायरीचे उदाहरण म्हणून त्याने ओल्ड नंबर वनच दिली होती, आणि खटल्यात या पायऱ्या कामी आल्या. मला या पायऱ्याही थोड्या ढोबळ वाटतात. ऐतिहासिक शर्यतींसाठी आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटना एफआयए जो तांत्रिक पासपोर्ट देते, तो गाडीची रचना त्या काळाला धरून आहे एवढेच सांगतो. गाडी अस्सल आहे की नाही याची हमी तो घेत नाही, आणि लिलावात मात्र लोक तो हमीपत्रासारखा पुढे करतात. त्यापेक्षा प्रत्येक गाडीशेजारी न्यायालयातल्या त्या मोजदादीसारखी एक पाटी असावी: ओल्ड नंबर वन, ल माँ 1929 व 1930, ब्रुकलँड्स 1931, चासी 1931, इंजिन 1932, गिअरबॉक्सचे कवच 1930, उघडी बॉडी अलीकडची, मालकी अखंड. 1 कोटी पौंड द्यायचे की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावे.