परदेशीच्या लग्नास निघताना

लग्नाला निघालेल्या मंडळींना वऱ्हाड म्हणतात आणि वऱ्हाड हे प्रांताचेही नाव आहे. हिवरखेडची मंडळी दुबईस लग्नाला निघाली म्हणजे वऱ्हाडचे वऱ्हाड समुद्रापार चालले, असेच म्हणावयाचे. यजमान तेथे उतरण्याची व जेवणाची सोय चोख करतात. परंतु वाटेत जे अडते ते बहुधा पाहुण्याच्या स्वतःच्या कागदांत किंवा गाठोड्यात असते.

प्रथम पारपत्र. ते नुसते असून भागत नाही. त्याची निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी. वडीलधाऱ्यांची पारपत्रे एकदा काढून झाली की वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतात. शिवाय पारपत्र, व्हिसा आणि तिकीट या तिहींवरील नाव अक्षरशः एक असावे. लग्नानंतर बदललेले नाव येथे घात करते. नवरीची आजी विमानतळावरून परत फिरली, तर मांडवातील तिची जागा कोण भरणार? म्हणून पत्रिकेची वाट न पाहता, तारीख ठरताच हे पाहून घ्यावे.

खरी अडचण गाठोड्याची. ओटीसाठी खोबऱ्याच्या वाट्या बांधून घेणे ही घरोघरची रीत. परंतु सुक्या खोबऱ्यात तेलाचा अंश फार. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या सामानात त्यास मज्जाव आहे. अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांतील पाने कितीही नामांकित असोत, विड्याचे पान दुबईच्या जकात खात्याच्या निषिद्ध जिनसांत मोडते. खसखशीचे तर नावच नको. ती अफूच्या बोंडातली. तेथील कायदा तिला मादक पदार्थांच्या पंक्तीस बसवितो. अनारशांना लावलेली खसखस हीही खसखसच! तेव्हा रुखवतातील अनारसे घरीच राहिलेले बरे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध व ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांवरही तेथे कडक निर्बंध आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आधी परवानगी काढावी.

मौल्यवान दागिने अंगावर असतील तर निघतेवेळी भारतातील विमानतळावर जकात अधिकाऱ्यांकडून त्यांचा दाखला घ्यावा. तो नसल्यास परतताना घरचेच सोने परदेशात घेतलेले नव्हे, हे सिद्ध करण्याची पाळी येते.

दुबईचे घड्याळ येथल्यापेक्षा दीड तास मागे चालते. पत्रिकेतील मुहूर्त कोणत्या घड्याळाचा, हे यजमानास विचारून घरी राहिलेल्यांनाही कळवावे.

आता वाट. हिवरखेडवरून जाणारी अकोला-खांडव्याची मीटर गेज गाडी आता नाही. अकोट ते अकोला मात्र २०२२ पासून रुंद रुळांवरून गाडी सुरू झाली. अकोल्याहून पुढे मुंबईच्या गाड्या मिळतात. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरून त्याच सकाळचे विमान गाठण्याचा हिशेब काटकसरी माणसास मोह घालतो; परंतु गाडी दोन तास रखडली की सारे तिकीट वाया जाते. मुंबईस आदल्या दिवशीच पोहोचावे आणि रात्र नातलगांकडे काढावी.