विषाणू जुना, रोग नवा

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, हरमल हे समुद्रकाठचे गाव आहे. गोव्यातील अशा गावांत, विशेषतः ख्रिस्ती कुटुंबांत, परसात दोन-चार डुकरे पाळण्याची रीत जुनी आहे. घरचे उरलेसुरले अन्न, पेज आणि कोंडा यांवर वाढलेले जनावर नाताळाच्या किंवा फेस्ताच्या वेळी उपयोगी पडते. त्याच्याच मांसाची चोरीस करून पावसाळ्याची बेगमीही होते. अशा घरात डुकरीण व्याली की त्या पिल्लांवर वर्षाचे बरेच हिशेब बांधलेले असतात.

पिल्ले आईच्या अंगावर पीत असतात तोवर सारे ठीक चालते. दूध तुटते, पिल्ले दोन-तीन महिन्यांची होतात, आणि त्यांतली एक-दोन एकाएकी मागे पडू लागतात. केस राठ होतात, पाठीचा कणा वर दिसू लागतो, कातडी फिकट पडते, धाप लागते, कधी हगवण लागते. जांघेतील गाठी हाताला लागण्याइतक्या मोठ्या होतात. पाळणारा आधी खाद्याला दोष देतो, मग जंतांना, शेवटी कोणाच्या दृष्टीला. औषधे दिली जातात, पण पिल्लू सुधारत नाही. त्याची भावंडे मात्र त्याच गोठ्यात, तेच खाऊन धष्टपुष्ट होत असतात.

पिल्ले अशी रोडावण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी जगभर आढळणारे एक कारण म्हणजे सर्कोव्हायरस या नावाचा विषाणू. त्याचा आनुवंशिक धागा टोके जोडून वर्तुळाकार झालेला असतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले. प्राण्यांना ग्रासणाऱ्या अतिशय लहान विषाणूंत त्याची गणना होते. त्याचा व्यास मिलिमीटरच्या दशलक्षाव्या भागाच्या सुमारे सतरापट एवढाच भरतो. करोना विषाणूची आनुवंशिक संहिता सुमारे तीस हजार अक्षरांची आहे. डुकरांना आजारी पाडणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या सर्कोव्हायरसची संहिता जेमतेम १,७६८ अक्षरांत संपते.

त्याचा शोध १९७४ साली बर्लिनमध्ये लागला, तोही अनपेक्षितपणे. प्रयोगशाळेत वाढविलेल्या डुकराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत हा विषाणू वस्ती करून असल्याचे आढळले. त्याच्यामुळे डुकरांना काही रोग होतो असे दिसले नाही, म्हणून तो निरुपद्रवी ठरला. पुढे १९९१ साली पश्चिम कॅनडातील एका कळपात दूध तुटलेली पिल्ले झिजून मरू लागली. त्या रोगामागचा विषाणू १९९८ साली ओळखला गेला. तो बर्लिनच्या विषाणूचा भाऊबंद, पण वेगळा होता. म्हणून पहिल्याला पहिला प्रकार आणि या नव्याला दुसरा प्रकार म्हणतात. त्यानंतर २०१६ साली अमेरिकेतून तिसऱ्या प्रकाराची नोंद झाली आणि २०१९ साली चीनच्या हुनान प्रांतात चौथा आढळला.

मग एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. जर्मनीत जपून ठेवलेले डुकरांच्या अवयवांचे जुने नमुने संशोधकांनी पुन्हा तपासले, तेव्हा १९६२ सालच्या नमुन्यातही दुसऱ्या प्रकारचा विषाणू सापडला. रोगाचा बोभाटा होण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी तो गोठ्यात होता! आजही निरोगी दिसणाऱ्या कळपांतील बहुसंख्य डुकरांच्या रक्तात त्याच्या संसर्गाची खूण मिळते. विषाणू जर इतका जुना आणि इतका सर्वत्र आहे, तर रोग मात्र अलीकडचा आणि मोजक्याच पिल्लांना का, असा प्रश्न कोणीही विचारील.

याचे अर्धे उत्तर विषाणूच्या घडणीत आहे. एवढ्या लहान संहितेत स्वतःच्या प्रती काढण्याची पुरेशी सामग्री मावत नाही. तो यजमान पेशीच्या यंत्रणेवर अवलंबून राहतो, आणि ही यंत्रणा पेशी दुभंगण्याच्या बेतात असतानाच जोमाने चालते. वाढत्या वयाच्या पिल्लात अशा पेशी विपुल असतात. त्यातच दुसरा एखादा रोगजंतू शरीरात शिरला की संरक्षक पेशी लढण्यासाठी झपाट्याने वाढतात, आणि या विषाणूचे आयतेच फावते. प्रयोगात पिल्लांना केवळ या विषाणूची लागण केली, तेव्हा बहुतेकांना फारसे काही झाले नाही. त्याच्या जोडीला डुकरांच्या पार्व्होव्हायरसची लागण होताच मात्र तीव्र रोग उद्भवला. म्हणजे हा विषाणू रोगाला आवश्यक आहे, पण तो एकटा सहसा पुरेसा नाही. म्हणूनच रक्तात विषाणू सापडला एवढ्यावरून निदान होत नाही. रोगाची लक्षणे, लसिका ग्रंथींतील विशिष्ट बिघाड आणि त्या बिघडलेल्या जागीच विषाणूचे अस्तित्व, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

उरलेले अर्धे उत्तर विषाणूच्या बदलत्या रूपात आहे. याच्या जातीचे विषाणू सामान्यतः सावकाश बदलतात; हा मात्र विलक्षण वेगाने बदलतो. दुसऱ्या प्रकारातच आता आठाहून अधिक पोटप्रकार मानले जातात. १९९० नंतरच्या दशकात ‘ए’ हा पोटप्रकार प्रबळ होता. २००३ च्या सुमारापासून ‘बी’ने त्याची जागा घेतली, आणि पुढे ‘डी’ अनेक देशांत पुढे सरसावला. दोन पोटप्रकार एकाच डुकरात शिरले, तर त्यांच्या संहितांची सरमिसळ होऊन तिसरेच रूप जन्मते. भारतातही आसाम, मेघालय, मिझोराम आणि केरळ या राज्यांत दुसऱ्या प्रकारचा विषाणू आढळला असून त्याचे एकाहून अधिक पोटप्रकार येथे वावरत आहेत.

हे पोटप्रकार जनावरांबरोबरच प्रवास करतात. एका देशातून दुसऱ्या देशात नेलेला पैदाशीचा नर, बाजारातून आणलेले पिल्लू, क्वचित वीर्यही, त्यांचे वाहन होते. जुन्या काळी गावातले डुक्कर गावातच जन्मे आणि गावातच संपे. आता चांगली वाढणारी जात हवी म्हणून पिल्ले दुरून येतात आणि निरनिराळ्या घरची पिल्ले एका कुडात कोंडली जातात. मोकाट डुकरांपेक्षा बंदिस्त डुकरे पाळणे आरोग्याच्या दृष्टीने इष्टच आहे; परंतु बंदिस्त गोठ्याची शिस्त त्याबरोबर आली नाही, तर विषाणूला पसरायला सोयीची जागा तेवढी मिळते.

२००४ ते २००६ या काळात पाश्चात्त्य देशांत या रोगावरील लसी आल्या आणि मोठ्या कळपांतील हानी पुष्कळ कमी झाली. बहुतेक लसी ‘ए’ पोटप्रकारावरून बनविल्या असल्या, तरी इतरांपासूनही त्या बरेच संरक्षण देतात. पण लस येण्यापूर्वीच फ्रान्समधील मादेक या पशुवैद्याने वीस कलमांची एक गोठाशिस्त आखली होती, आणि ती पाळणाऱ्यांचे नुकसान घटले होते. तिचे सार हरमलच्या परसातही लागू पडते.

जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच प्रत्येक पिल्लाला आईचा चीक मिळालाच पाहिजे, कारण त्यातूनच त्याला पहिले संरक्षण मिळते. निरनिराळ्या घरची आणि वयाची पिल्ले एकत्र करू नयेत, गर्दी टाळावी. विकत आणलेले जनावर तीन-चार आठवडे वेगळे ठेवावे. एक खेप विकली गेली की गोठा पुरता रिकामा करून, धुऊन, वाळवून मगच दुसरी आणावी. या विषाणूला चरबीचे आवरण नसल्यामुळे अल्कोहोलसारखी द्रव्ये त्याच्यावर फारशी चालत नाहीत. ब्लीच किंवा कॉस्टिक सोडा यांचे द्रावण चालते. मात्र ते वापरताना हातांची व डोळ्यांची काळजी घ्यावी. किनाऱ्यावरील खानावळींतले उष्टे डुकरांना घालणे टाळावे. घालायचेच तर चांगले उकळून घालावे, कारण स्वाइन फीव्हरसारखे रोग त्यातून येऊ शकतात. त्या रोगावरील लस पशुवैद्याकडून वेळेवर टोचून घ्यावी. एक शत्रू दारातच थोपविला, तर सर्कोव्हायरसचा एक साथीदार कमी होतो. प्रतिजैविके विषाणू मारीत नाहीत. सोबतच्या जिवाणूंवरच त्यांचा उपयोग, तोही पशुवैद्याच्या सल्ल्याने. मेलेले पिल्लू ओढ्यात टाकण्याऐवजी पशुवैद्याला दाखविले, तर उरलेल्यांना वाचविण्याचा मार्ग सापडण्याचा संभव असतो.

या विषाणूमुळे माणसाला रोग होतो असे आढळलेले नाही. २०१० साली बालकांना देण्याच्या रोटाव्हायरसच्या एका लसीत पहिल्या प्रकाराचा अंश सापडला, तेव्हा अमेरिकेत तिचा वापर काही आठवडे थांबविला गेला. धोका नसल्याची खात्री पटल्यावर तो पुन्हा सुरू झाला.

२०२० साली आफ्रिकन स्वाइन फीव्हर प्रथमच भारतात आला तेव्हा आसामात कळपच्या कळप मेले, आणि साऱ्यांचे लक्ष तिकडे गेले. सर्कोव्हायरस असा गाजावाजा करीत नाही. तो आठांतले एक-दोन पिल्लू नेतो, आणि धनी ते नशिबावर घालतो. पण २०१९ च्या पशुगणनेत देशातील डुकरांची संख्या सात वर्षांत बारा टक्क्यांनी घटून सुमारे ९१ लाखांवर आलेली दिसली. ज्या घरात एकच डुकरीण आहे, तेथे ही एक-दोन पिल्लेच नफा की तोटा हे ठरवितात. विषाणूला गोठ्यातून हाकलणे कोणाच्याही हाती नाही. त्याला रोगाची संधी न देणे मात्र पुष्कळसे पाळणाऱ्याच्या हाती आहे.