खळे वेगळे, कोठार वेगळे : कारखान्याच्या नोंदी एकत्र का आणायच्या?



गाळप हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "माझी लागण आधीची, मग शेजाऱ्याची तोड आधी कशी?" याचे उत्तर कुणाच्या तोंडी भरवशावर नसावे, ते नोंदीतून मिळावे. पण कारखान्यात नोंदी पाच ठिकाणी असतात. त्या एकत्र आणून विचार करता येईल अशी साठवण, तिला संगणकवाले 'डेटा वेअरहाऊस' म्हणतात. आम्ही तिला माहितीचे कोठार म्हणू.

रोजचा व्यवहार म्हणजे खळे

ऊस नोंद शेतकी खात्याकडे, टोळ्यांचे करार तोडणी-वाहतूक विभागाकडे, वजन काट्यावर, उतारा प्रयोगशाळेत आणि बिल हिशेब खात्यात. जो तो आपापले काम बघतो. काट्याच्या संगणकाने गाडीचे भरलेले वजन घ्यावे, रिकामे वजन घ्यावे, पावती द्यावी. त्याच संगणकाला मध्येच "पाच वर्षांत कुठल्या जातीचा खोडवा एकरी किती पडला?" असे विचारले, तर तो रेंगाळणार आणि मागे गाड्यांची रांग लागणार. मळणी चालू असताना खळ्यावर कुणी वर्षाचा हिशेब मांडून बसत नाही. म्हणून खळे वेगळे आणि कोठार वेगळे ठेवतात. काटा चोवीस तास चालतो, तेव्हा दिवसातून एका ठरलेल्या वेळी फक्त नव्या आणि बदललेल्या नोंदींची नक्कल कोठारात उतरवून घ्यायची.

पाखडल्याशिवाय भरणे नाही

खरी मेहनत इथेच आहे. एकाच जातीला कुणी 'कोएम ०२६५' लिहितो, कुणी 'फुले २६५', कुणी नुसते '२६५'. संगणकाला त्या तीन जाती वाटतात. क्षेत्राचे तर विचारूच नका. नोंदीत नुसते १.२० असेल तर तो १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर, की १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर? इथे चूक झाली की उसाचा अंदाज दुप्पट होतो, आणि त्या अंदाजावर टोळी पाठवली की कोयते रिकामे बसतात.

सगळ्या खात्यांच्या नोंदी जुळवणारा दुवा म्हणजे सभासद क्रमांक आणि प्लॉट क्रमांक. हा दुवा चुकला तर काट्यावरचे वजन एकीकडे आणि लागणीची तारीख दुसरीकडे पडते.

आणखी एक गोष्ट. भावाभावांत वाटणी झाली, गट फुटला, तर रोजच्या नोंदीत नवे नाव येते. कोठारात मात्र जुनी नोंद पुसायची नसते. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ती खरी होती, हे लिहून ठेवायचे असते. तरच त्या रानाचा पाच वर्षांचा इतिहास टिकतो.

यात आपला पैसा कुठे आहे?

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली. त्यावरील दर ०.१ टक्का उताऱ्याला ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे जादा. ५० टन ऊस घालणाऱ्याला हे १,७३० रुपये होतात. ५ लाख टन गाळप धरले तर सर्व सभासदांचे मिळून १ कोटी ७३ लाख.

पण उतारा सबंध कारखान्याचा धरला जातो. काट्यावर वजन एकाचे, गव्हाणीत मोळी सगळ्यांची! त्यामुळे एका प्लॉटचा उतारा वेगळा निघत नाही. कोठारातून मात्र एवढे पाहता येते की अमुक दिवशी कुठल्या जातीचा, किती महिन्यांचा ऊस किती टन आला आणि त्या दिवशी उतारा काय पडला. त्याला शेतातल्या हँड रिफ्रॅक्टोमीटरच्या ब्रिक्सची जोड दिली की कुठला ऊस आधी तोडावा हे ठरवता येते. लागणीची तारीख एकच असली तरी जात आणि जमीन निराळी असेल तर पक्वता पुढे-मागे होते. शेजाऱ्याची तोड आधी येण्याचे हे एक कारण असू शकते. आणि तसे कारण नसेल, तर तेही नोंदीतूनच उघडे पडेल.

शेवटची पायरी विसरू नये. कोठारातून निघालेली पक्वतेची यादी तोडणी कार्यक्रमात परत गेली पाहिजे आणि चिटबॉयच्या हातात पडली पाहिजे. कागदावर राहिलेली यादी म्हणजे कणगीत किडलेलं धान्य.

सभासदांनी काय करावे

१. नोंद देताना क्षेत्र एकर-गुंठ्यात की हेक्टर-आरमध्ये, हे स्पष्ट सांगावे.

२. लागणीची खरी तारीख द्यावी. तोड लवकर यावी म्हणून महिनाभर मागची तारीख दिली तर कोवळा ऊस गव्हाणीत जातो आणि उतारा सगळ्यांचाच घसरतो.

३. लागण की खोडवा, आणि बेणे कुठल्या जातीचे, हे नक्की सांगावे.

४. वाटणी किंवा वारस नोंद झाल्यास गट ऑफिसला लगेच कळवावे.

५. वजनाच्या पावतीवरील सभासद क्रमांक व प्लॉट क्रमांक तिथल्या तिथे तपासावा.

संगणक कितीही भारी आणला तरी तो शेतात येऊन लागण बघत नाही. जसं पेराल तसं उगवेल, हे रानाइतकंच नोंदीलाही लागू आहे. तरी सर्व सभासदांनी शेतकी खात्यास सहकार्य करावे, ही विनंती.