कयाक शिकताय? वल्हं मारण्याआधी वारा आणि ओहोटी ओळखा

मालवण : तारकर्ली, देवबाग, भोगवे या पट्ट्यात कयाक आता कोणाला नवी राहिलेली नाही. पर्यटकांना कर्ली खाडीतून फिरवून आणणारी गावातली मुलंही आहेत. खाडीत आठ-दहा दिवस वल्हं मारलं की हात बसतो, कयाक सरळ चालते आणि मग समोरचा समुद्र खुणावतो. नेमकी इथेच गडबड होते. वल्हवायला आठवड्यात येतं, पण आज जायचं की नाही हे ओळखायला निदान एक हंगाम लागतो.

आधी उलटायला शिका

आपल्याकडे बहुतेक कयाक वर बसायच्या, उघड्या असतात. त्या उलटल्या तरी बुडत नाहीत. धोका असतो तो पडलेल्या माणसाला. म्हणून पहिल्याच दिवशी छातीभर शांत पाण्यात, सोबत कोणीतरी असताना, मुद्दाम उलटून बघावं.

पडल्यावर कयाक आणि वल्हं दोन्ही सोडू नये. कयाक सरळ करायची, मधोमध यायचं, दोन्ही हात वर टाकून पाय मारत शरीर पाण्यावर आडवं आणायचं आणि पोट कयाकवर ओढायचं. मग वळून बूड जागेवर टेकवायचं आणि शेवटी पाय आत घ्यायचे. ताजंतवानं असताना हे जमत नसेल, तर दमल्यावर लाटेत जमणार नाही. तोवर खोल पाण्यात जाऊ नये.

लाइफ जॅकेट नुसतं अडकवून चालत नाही. पट्टे आवळून दुसऱ्याला खांद्याकडून वर खेचायला सांगावं. जॅकेट हनुवटीच्या वर आलं, तर ते सैल आहे.

वल्हं दंडाच्या जोरावर ओढलं की अर्ध्या तासात हात भरून येतात. कंबरेपासून अंग वळवून ओढलं तर तासभर निभावतं. मोठी लाट आली की कयाकचं तोंड तिच्याकडे करावं. आडव्या कयाकला लाट सहज उलटवते.

सकाळचा शांत समुद्र फसवतो

थंडीच्या दिवसांत सकाळी मतलई वारा सुटतो, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्याला माडांचा आडोसा असल्यामुळे तिथे पाणी तेलासारखं गुळगुळीत दिसतं. दोन-तीनशे मीटर बाहेर गेल्यावर वारा पाठीला लागतो. जाताना मजा वाटते, कयाक आपोआप पळते. परत फिरल्यावर तोच वारा तोंडावर येतो.

नवखा माणूस शांत पाण्यात ताशी चार-पाच किलोमीटर जातो. समोरून वारा असला की हा वेग निम्म्यावरही येऊ शकतो. यावर साधा उपाय आहे : पाच मिनिटं गेलात की वळून परत येऊन बघा. परतीला दुप्पट वेळ लागला, तर त्या दिवशी पुढे जाऊ नका. शक्य तिथे आधी वाऱ्याच्या तोंडावर जावं, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो.

दुपारी उलट समुद्राकडून वारा सुटतो आणि लाटा वाढतात. नवशिक्याने त्याआधी किनाऱ्याला लागलेलं बरं.

खाडीच्या तोंडाशी ओहोटी

ओहोटी साधारण सहा तास चालते, पण पाणी सारख्या जोराने जात नाही. एकूण पाण्याचे बारा भाग धरले, तर पहिल्या तासात एक, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी निघून जातं. अरुंद तोंडातून ते बाहेर पडताना ओढ वाढते. त्याच वेळी समोरून लाट येत असेल, तर वाळूच्या पट्टीवर ती उभी राहून फुटते. नवशिक्याने तिथे या वेळी जाऊच नये.

जुना हिशेब बऱ्याच घरांत माहीत असतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. सप्तमीला सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच. गावागणिक तासाभराचा फरक पडतो, त्यामुळे पक्की वेळ भरतीच्या तक्त्यात किंवा मोबाईलवर बघावी. पण हिशेबातून एक गोष्ट लगेच कळते : त्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला ओहोटी ऐन जोरात असणार. वर मतलई वारा असेल, तर दोन्ही एकाच दिशेला, बाहेर, ओढणार. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हीच ओढ आणखी वाढते, अष्टमीच्या भांगाला कमी असते.

वारा नाही, तरी लाट

उन्हाळ्यात कधी कधी आपल्याकडे पान हलत नाही, पण किनाऱ्यावर मोठ्या लाटा येतात. त्या दक्षिणेकडे दूर हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या असतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था अशा लाटांचे इशारे देते. ते बघावेत, आणि निघण्याआधी पंधरा मिनिटं किनाऱ्यावर बसून लाटा मोजाव्यात. मोठ्या लाटा बहुधा घोळक्याने येतात. पाच मिनिटं शांत दिसलं म्हणजे समुद्र शांत आहे असं नव्हे. पावसाळ्यात तर कयाक शेडमध्येच ठेवावी.

निघताना एवढं बघा

- एकट्याने जाऊ नका. सोबत परत चढता येणारा माणूस हवा.
- कुठे जातोय आणि किती वाजता परत येणार, हे घरी सांगा.
- मोबाईल वॉटरप्रूफ पिशवीत घालून अंगाला बांधा. जॅकेटला शिट्टी हवी.
- पाणी, टोपी आणि अंगभर कपडे घ्या.
- अडचण आल्यास कयाक सोडून पोहत निघू नका. माणसापेक्षा कयाक लांबून दिसते.
- तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, तर सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२.

पर्यटकांना घेऊन जाणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं. पैसे घेतलेत म्हणून फेरी करावीच लागेल, असा दबाव येतो. अशा वेळी खाडीच्या आतली, कांदळवनाची फेरी करावी किंवा सरळ पैसे परत द्यावेत. शंका आली तर बंदरावरच्या एखाद्या जुन्या मच्छीमाराला विचारावं. ‘आज नको’ असं तो म्हणाला, तर कयाक खांद्यावर घेऊन घरी यावं. समुद्र उद्याही तिथेच असतो.