सॅपमध्ये ‘अधिकार नाही’ असा संदेश आला तर

समजा, आपण खरेदी विभागात आहात. चाकण प्लांटच्या परचेस ऑर्डर रोज करता. आज नाशिक प्लांटसाठी ऑर्डर करायला घेतली आणि सॅपने ‘आपल्याला अधिकार नाही’ असं सांगून अडवलं. लॉगिन झालं, स्क्रीनही उघडला. म्हणजे पासवर्ड चुकलेला नाही की आयडी लॉक झालेला नाही. अधिकार नेमका कुठे कमी पडतो, एवढंच शोधायचं आहे.

सॅप दोन पातळ्यांवर तपासणी करतं. प्रत्येक कामाला टी-कोड, म्हणजे ते काम उघडण्याचं सांकेतिक नाव असतं. नवी परचेस ऑर्डर करायचा टी-कोड एमई२१एन. तो उघडता येतो का, ही पहिली तपासणी. पुढची ऑथरायझेशन ऑब्जेक्टची: कोणती कृती कुठे करता येईल, हे ठरवणारा नियम. असे अधिकार एकत्र बांधले की त्याचा रोल होतो आणि तो आपल्या आयडीला जोडला जातो.

पायरी १. संदेश येताच एसयू५३ हा टी-कोड चालवा; नाकारलेली तपासणी तो दाखवतो. वरच्या कमांडच्या चौकटीत तिरकी रेघ, ओ आणि लगेच एसयू५३ टाइप केलं की वेगळी विंडो उघडते. भरलेली ऑर्डर तशीच राहते. मध्येच दुसरं काही उघडू नका. जुन्या आवृत्त्यांत फक्त शेवटची नाकारलेली तपासणी दिसते, त्यामुळे भलत्याच कामाची नोंद हाती येते.

पायरी २. दिसेल ते नीट वाचा. इथे एम_बेस्ट_डब्ल्यूआरके हा ऑब्जेक्ट असेल. त्यात दोन गोष्टी पाहायच्या: कृती आणि प्लांट. कृतीचा ०१ म्हणजे नवीन करणं, ०२ बदलणं, ०३ नुसतं पाहणं. समजा, मागितलं ०१ आणि प्लांट १२००, म्हणजे नाशिक. आपल्याकडे आहे ०१ आणि प्लांट ११००, म्हणजे चाकण. कृतीची परवानगी आहे, प्लांटची नाही. दुखणं सापडलं.

पायरी ३. तिकीट टाका. एसयू५३चा पूर्ण स्क्रीनशॉट, टी-कोड, कामाचं कारण आणि साहेबांची मंजुरी जोडा. ‘सॅप चालत नाही’ एवढंच लिहिलं, तर तिकीट या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं.

पायरी ४. पुढचं काम अधिकार सांभाळणाऱ्या टीमचं. सगळ्यांत महाग चूक इथेच होते. पीएफसीजी या टी-कोडमध्ये चाकणच्याच रोलमध्ये १२०० घातला, तर तो रोल असलेल्या प्रत्येकाला नाशिकच्या ऑर्डर करता येतील. त्याऐवजी नाशिकचा वेगळा रोल फक्त आपल्या आयडीला जोडायला हवा.

पायरी ५. रोलमध्ये बदल केला असेल तर प्रोफाइल, म्हणजे रोलमधल्या अधिकारांचा संच, जनरेट करावं लागतं आणि युजर कम्पॅरिझन, म्हणजे रोलमधले अधिकार आयडीपर्यंत पोचवणं, तेही उरकावं लागतं. मग आपण पूर्ण लॉग ऑफ करून पुन्हा लॉगिन करा. तरीही अडलं तर रोलची मुदत संपलेली नाही ना, आणि बदल डेव्हलपमेंटवरून प्रॉडक्शन सिस्टिममध्ये पोचला का, हे विचारा.

पायरी ६. एवढ्यानेही सुटलं नाही, तर टीम एसटीऑथट्रेस हा टी-कोड लावते. आपण तेच काम पुन्हा करायचं. मधल्या सगळ्या तपासण्यांची नोंद होते. परिणाम ० म्हणजे तपासणी पार झाली. मात्र नाकारलेली प्रत्येक तपासणी दोषी नसते. एखादं बटण दाखवायचं की नाही, यासाठीही सॅप अधिकार तपासतं.

घाईच्या वेळी ‘सॅप_ऑल देऊन टाका, नंतर बघू’ असं कुणीतरी म्हणतंच. त्या प्रोफाइलने जवळपास सगळेच अधिकार मिळतात. नवा पुरवठादार नोंदवणं आणि त्याला पैसे देणं, दोन्ही एकाच हातात येतं. ऑडिटर बोट ठेवतात ते यावरच. म्हणून एसयू५३ने जेवढं दाखवलं, तेवढंच मागा.