लेओपोल्ड लेगसी सेंटर

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील बॅराबू गावानजीक असलेली, ऑल्डो लेओपोल्ड प्रतिष्ठान या ना-नफा संस्थेची हरित वास्तू. निसर्गसंरक्षक संस्थेच्या वास्तुनियोजनाचे ती एक महत्त्वाचे उदाहरण होय.

वन्यजीव-व्यवस्थापनशास्त्राचे प्रवर्तक ऑल्डो लेओपोल्ड (१८८७–१९४८) यांनी १९३५ मध्ये विस्कॉन्सिन नदीकाठचे एक निकस झालेले शेत विकत घेतले व कुटुंबीयांच्या साहाय्याने तेथे हजारो पाइन वृक्ष लावले. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजारच्या जमिनीवरील गवताला लागलेली आग विझविताना हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या पाच अपत्यांनी १९८२ मध्ये प्रतिष्ठानाची स्थापना केली. लेओपोल्ड यांचा मृत्यू झाला त्याच परिसरात २००७ मध्ये हे केंद्र उभे राहिले. त्याचा आराखडा कुबाला वॉशॅट्को या वास्तुविशारद संस्थेने तयार केला.

अशा संस्थेपुढे एक मूलभूत पेच असतो. ज्या अधिवासाच्या रक्षणासाठी इमारत हवी, त्याचीच बांधकामामुळे हानी होते. जमीन झाकली जाते, साहित्य दूरवरून आणावे लागते आणि पुढे वर्षानुवर्षे इंधन खर्ची पडते. या प्रत्येक बाबीचा येथे नियोजनाच्या टप्प्यावरच विचार करण्यात आला.

लेओपोल्ड कुटुंबाने लावलेले पाइन वृक्ष कालांतराने दाटीमुळे खुंटू लागले होते. त्यांची विरळणी करणे उरलेल्या वनाच्या हिताचे होते. या विरळणीतून मिळालेले लाकूड बांधकामात वापरण्यात आले. कमी जाडीचे ओंडके न चिरता, गोल स्वरूपातच आधारासाठी योजण्यात आले.

सु. १,१०० चौ. मी. क्षेत्रफळाचे हे केंद्र एकसंध नसून अंगणाभोवती मांडलेल्या लहान इमारतींचे आहे. अरुंद, दक्षिणाभिमुख रचनेमुळे हिवाळी ऊन व दिवसाचा उजेड आत पोहोचतो. सभागृह कडक हिवाळा वगळून उरलेल्या तीन ऋतूंत वापरण्यासाठी असल्याने ते तापविण्याची ऊर्जा वाचते. बाहेरची हवा जमिनीखालील नळ्यांतून आत आणली जाते. भूगर्भाचे तापमान फारसे बदलत नसल्याने ही हवा हिवाळ्यात काहीशी उबदार, तर उन्हाळ्यात काहीशी थंड होते. भूऊष्मा पंपांच्या साहाय्याने फरशीखालून उष्णता पुरविली जाते. छतावरील सौर पट्टांची क्षमता ३९·६ किलोवॉट आहे. जादा वीज सार्वजनिक जालकाला दिली जाते व तुटीच्या वेळी त्याच्याकडून घेतली जाते. पावसाचे पाणी स्थानिक वनस्पतींच्या वाफ्यांत मुरविले जाते.

‘लीड’ या अमेरिकी हरित वास्तू मानांकनात केंद्रास ६९ पैकी ६१ गुण व ‘प्लॅटिनम’ हा सर्वोच्च दर्जा मिळाला. वापरकालीन कार्बन उत्सर्जनाच्या दृष्टीने ते तटस्थ ठरले. तथापि या हिशेबात संस्थेच्या वनाने शोषलेला कार्बनही धरलेला आहे. त्यामुळे स्वतःची वनभूमी नसलेल्या शहरी संस्थेला हे उदाहरण जसेच्या तसे लागू करता येणार नाही. पाइनचे लाकूड वा तापविलेली फरशी ही साधनेही तेथील भूमी व थंड हवामानाला अनुसरून आहेत. अन्यत्र घेण्याजोगा आहे तो नियोजनाचा क्रम : प्रथम गरज कमी करणे, नंतर परिसराला न दुखावता मिळेल तेवढेच साहित्य घेणे आणि उरलेल्या गरजेपुरतीच ऊर्जा निर्माण करणे.