निवृत्तीनंतरचं घड्याळ : झोप, ऊन आणि आपला दिवस



तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने झोपेवर व्याख्यान द्यावं, हे ऐकून काहींना हसू आलं असेल. वर्गात झोपलेली मुलं मी आयुष्यभर पाहिली, त्या अधिकाराने बोलतो आहे असं समजा. (हशा)

गमतीचा भाग सोडा. आम्ही सत्तरीपुढची माणसं सकाळी खांब तलावाच्या बाजूला भेटलो, की पहिला प्रश्न पेन्शनचा नसतो, राजकारणाचाही नसतो. ‘काय भाऊ, झोप लागली का रात्री?’ हा असतो. आणि उत्तर जवळपास ठरलेलं. ‘कुठची झोप! तीन वाजता डोळे उघडले, ते उघडलेच.’ मग कोणी गोळीचं नाव सांगतो, कोणी दुधात जायफळ घालायला सांगतो. वरून पाहिलं तर या साध्या गप्पा आहेत. पण त्यांच्या पोटात एक प्रश्न आहे. नोकरीने आखून दिलेला दिवस संपला, आता हा दिवस कशाच्या आधाराने उभा करायचा? आज त्यावर बोलू.

आपल्याजवळ तीन घड्याळं असतात. एक भिंतीवरचं, एक आकाशातलं आणि एक शरीरातलं.

भिंतीवरचं घड्याळ हा माणसांनी आपसात केलेला करार आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे. भंडारा त्याच्या पश्चिमेला जवळपास तीन अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, या हिशेबाने आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून अकरा मिनिटं झालेली असतात. मुंबईत तर तो आपल्यानंतर आणखी पंचवीस-सत्तावीस मिनिटांनी माथ्यावर येतो. घड्याळात मात्र दोन्हीकडे एकच वेळ.

आकाशातलं घड्याळ असा करार मानत नाही. भंडाऱ्यात जूनमध्ये सूर्य साधारण साडेपाचला उगवतो, जानेवारीच्या मध्यावर सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना. उन्हाळ्यातला मोठा दिवस आणि हिवाळ्यातला लहान दिवस यांत अडीच तासांचा फरक. धानाची शेती करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. रोवणीच्या दिवसांत बाया शेतावर निघतात त्या उजेड पाहून.

तिसरं घड्याळ शरीरातलं. त्याचा पहिला सुगावा लागला तो एका झाडामुळे. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेरां नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने एक झाड अंधारात ठेवलं. ते बहुधा लाजाळूच असावं. लाजाळूची पानं दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अंधारातही त्याची पानं दिवस असताना उघडत राहिली. म्हणजे ऊन नसलं तरी झाडाच्या आत कुठेतरी दिवस चालू होता! पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं, ते उलगडणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

माणसाच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, हजारो पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो आपलं मुख्य घड्याळ. पण ते थोडं मागे पडणारं आहे. बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा दहा-बारा मिनिटं जास्त घेतं. मागे पडणारं घड्याळ रोज मिळवावं लागतं, तसं हेही रोज मिळवावं लागतं. आणि ते मिळवण्याची मुख्य किल्ली म्हणजे डोळ्यांत शिरणारा उजेड. आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा आहेत, की वस्तू दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. बाहेर दिवस आहे की रात्र, एवढी बातमी त्या मेंदूला पोचवतात.

आता बघा, नोकरी काय करत होती? या तिन्ही घड्याळांना एका दोरीने बांधून ठेवत होती. कोणी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, कोणी डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत, कोणी शाळेत, कोणी एसटीत. पाळी गाठायची, घंटा गाठायची, गाडी गाठायची. त्यासाठी उठायचं, बाहेर पडायचं. बाहेर पडलं की ऊन आपोआप अंगावर पडत होतं. आपण नोकरीला शिव्या देत होतो आणि ती गुपचूप आपलं घड्याळ मिळवून देत होती. पाळी-पाळीने रात्रपाळी करणाऱ्यांचं मात्र उलटं. त्यांचं घड्याळ नोकरीनेच बिघडवलेलं असतं.

निवृत्त झालो की ती दोरी सुटते. पहिला महिना फार छान जातो. मग रात्री अकरापर्यंत टीव्ही. त्यानंतर अमेरिकेतल्या नातवाचा व्हिडिओ कॉल, कारण तिथे तेव्हा दिवस असतो. सकाळी उठायला आठ. चहा आत, पेपर आत, पंखा आत. जेवून एकला आडवं व्हायचं ते चारला उठायचं. आणि रात्री तक्रार, झोप येत नाही. अहो, झोप गेलेली नाही. सांडलेल्या धानासारखी ती दिवसभर विखुरली आहे. रात्रीच्या पोत्यात भरायला मग उरणार किती?

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ही निवृत्ती बहुतेक घरांत फक्त पुरुषाची असते. त्याचं घड्याळ बंद पडतं, तिचं तसंच चालू राहतं. उलट तो दिवसभर घरी, म्हणून चहाचे दोन कप वाढतात. साहेब आठला उठू शकतात, याचं एक कारण असं की घरात कोणीतरी साडेपाचला उठलेलं आहे. निवृत्तीनंतर सकाळचा पहिला चहा पुरुषाने ठेवावा. हा समतेचा मुद्दा तर आहेच, पण झोपेवरचं औषधही आहे. ठरलेल्या वेळी उठण्यासाठी काम लागतं, आणि ते काम कोणाच्या तरी उपयोगाचं असावं लागतं.

आता उन्हाकडे येऊ. घरात दिवा लावलेल्या खोलीत उजेड असतो शंभर ते तीनशे लक्स. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी उजेड हजारांत जातो, आणि लख्ख उन्हात एक लाखाच्या आसपास. आपल्या डोळ्यांना हा फरक एवढा मोठा वाटत नाही, कारण बाहुली लगेच लहान होते. मेंदूतलं घड्याळ मात्र तो फरक धरतं. म्हणून खिडकीजवळ बसणं आणि अंगणात बसणं एक नाही. त्यात आपल्या वयात डोळ्याचं भिंग पिवळट झालेलं असतं, कुणाला मोतीबिंदू असतो. उजेड आत कमीच पोचतो. तेव्हा बाहेर बसण्याची गरज तरुणांपेक्षा आपल्याला जास्त आहे. सूर्याकडे टक लावून पाहायचं मात्र नाही.

आणखी एक गल्लत नेहमी होते. ‘सकाळचं कोवळं ऊन खा, ड जीवनसत्त्व मिळेल,’ असं सगळे सांगतात. ही दोन वेगळी कामं आहेत. घड्याळ मिळवायला कोवळं ऊन उत्तम, आणि ते डोळ्यांवाटे काम करतं. ड जीवनसत्त्व तयार होतं कातडीत, आणि त्याला लागणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे मिळतात. सोपी खूण सांगतो : आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल, तर ड जीवनसत्त्व फारसं होत नाही. काचेआडूनही होत नाही. आणि म्हातारपणी कातडी ते कमीच बनवते. म्हणून हिवाळ्यात दहा-अकराच्या सुमारास हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसणं बरं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा हा प्रयोग करू नका. रक्तात ते कमी आढळलं, तर डॉक्टर गोळी देतात. त्यात कमीपणा नाही.

वय वाढलं की झोप बदलते, हेही समजून घेतलं पाहिजे. गाढ झोपेचा वाटा कमी होतो, मधे जाग जास्त येते, आणि पुष्कळांचं घड्याळ पुढे सरकतं. आठलाच डोळे मिटतात आणि तीनला उघडतात. पण मोजून पाहा, सात तास झाले! पासष्टीपुढच्या माणसाला सात ते आठ तास पुरेत असं तज्ज्ञ सांगतात. मग तीनची जाग हा आजार नाही, तो हिशेब आहे. ज्यांचं असं होतं त्यांनी पहाटेच्या उजेडामागे न लागता संध्याकाळी पाच-सहाला बाहेर बसावं, म्हणजे घड्याळ जरा मागे येतं. ज्यांना रात्री एकपर्यंत झोपच लागत नाही, त्यांनी सकाळचं ऊन धरावं.

दुपारच्या झोपेबद्दल आपले जुने लोक फार शहाणे होते. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराला तोलून धरणारे तीन खांब सांगितले आहेत. दिवसा झोपायला तिथे एरवी मनाई आहे, पण ग्रीष्मात मुभा आहे. म्हाताऱ्यांना, लहान मुलांना आणि थकलेल्यांना तर सगळ्या ऋतूंत मुभा आहे. तेव्हा वैशाखात आडवं व्हा खुशाल. पण अर्धा तास, आणि तीनच्या आत.

आता त्या तीन वाजताच्या जागेपणाविषयी बोलतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. बघा, आपल्या झाडीपट्टीत नाटक पाहायला माणूस रात्रभर थंडीत शाल पांघरून बसतो. पहाटे घरी येतो. ‘मला निद्रानाश झाला’ असं तो म्हणतो का? नाही. तोही जागा आणि अंथरुणातला माणूसही जागा. फरक इतकाच, की नाटकाला शेजारी माणसं असतात, आणि अंथरुणात आपण एकटे असतो. जोडीदार गेलेला असेल तर ते एकटेपण अंगावर येतं. छातीत दुखलं तर कोणाला हाक मारायची, मुलगा पुण्याहून कधी पोचेल, हेच विचार. यावर लाजायचं काही नाही. हे बोललं पाहिजे.

बृहदारण्यक उपनिषदात जनक राजा याज्ञवल्क्यांना विचारतो, माणसाचा उजेड कोणता? याज्ञवल्क्य म्हणतात, सूर्य. सूर्य मावळला तर? चंद्र. तोही नसेल तर? अग्नी. तोही विझला तर? वाणी, म्हणजे बोलणं, कारण अंधारात हात दिसत नसला तरी आवाजाच्या दिशेने जाता येतं. तेही थांबलं तर आत्मा. आणि मजा अशी, की याच संवादात पुढे स्वप्न आणि गाढ झोप यांची चर्चा येते. दिवसभर उडून थकलेला पक्षी पंख मिटून घरट्याकडे येतो, तसा माणूस गाढ झोपेकडे येतो, असा दाखला तिथे आहे. पक्षी घरटं ओढून आणत नाही. झोप ओढून आणता येत नाही, हे मी त्यातून घेतो. आपल्या हाती आहे ते दिवसभराचं उडणं.

आणि आत्म्याच्या आधी वाणी आहे, हेही विसरू नका. रात्री घाबरं होत असेल तर दिवसा कोणाजवळ तरी ते बोला. सकाळी ठरल्या वेळी एकमेकांना फोन करायचा असं दोघा-तिघांनी ठरवून घ्या. फोन आला नाही तर दुसऱ्याने घरी जाऊन पाहायचं. एवढ्यानेही रात्र सैल होते.

उद्यापासून करायचं ते थोडक्यात सांगतो. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच ठेवा. उठल्यावर तासाभरात अर्धा तास उघड्यावर जा. तीनला उठणाऱ्यांनी मघाशी सांगितल्याप्रमाणे संध्याकाळ धरावी. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नका, आणि वीसेक मिनिटं नुसतं पडून असाल तर उठून मंद उजेडात बसा. मात्र स्वयंपाकघरात भांडी वाजवू नका, सुनेला सकाळी कामावर जायचं असतं. मित्राने सांगितलेली झोपेची गोळी घेऊ नका. आपल्या वयात तिने तोल जातो, आणि रात्री न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडलं तर सगळं आयुष्य बदलतं. घोरताना श्वास अडकत असेल, लघवीला तीन-चारदा उठावं लागत असेल, किंवा आठवड्यांमागून आठवडे मन उदास असेल, तर ‘वयच झालं’ म्हणून बसू नका, डॉक्टरांकडे जा.

एकमेकांना विचारायचा प्रश्नही बदलून पाहा. ‘झोप लागली का?’ याचं उत्तर देणं आपल्या हातात नाही. ‘आज उन्हात केव्हा येता?’ याचं आहे.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.